२१ हजारांचा दाखला

पत्र थोडक्यात असं: लेखिका ४१ वर्षांच्या आहेत. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याला जनता वसाहतीत भाड्याची एक खोली, घरात माणसं पाच: त्या, मिस्टर, ६८ वर्षांच्या सासूबाई, दहावीतली मुलगी आणि आठवीतला मुलगा. त्या प्रभात रोडला तीन घरी स्वयंपाक करतात, महिन्याचे साडेसात हजार. मिस्टर भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये १७ वर्षं लेथवर होते. ते बंद पडलं. आता एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन, पगार ११ हजार. दोन वर्षांपूर्वी सासूबाई नळावर घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. खासगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. त्यासाठी गटातून काढलेल्या कर्जाचे अजून १४ हप्ते बाकी आहेत. वस्तीतला एक एजंट म्हणतो, पाच हजार द्या, वर्षाला २१ हजार उत्पन्नाचा दाखला आणून देतो. त्यावर पिवळं कार्डही होईल आणि आजींची पेन्शनही. मिस्टरांना यातलं काही माहीत नाही. त्यांचं ठरलेलं वाक्य, ‘आपण गरीब नाही.’ लेखिका विचारतात, “दाखला काढू का नको? आणि खरं सांगा, आम्ही दारिद्र्यरेषेखाली येतो का नाही? शेजारचे सगळे येतात.”

ताई,

तुमचं पत्र मी मागच्या बाजूने वाचायला सुरुवात केली. हिशेबाच्या पाठकोऱ्या कागदावर पत्र लिहिलंत, तो पेन्सिलीतला हिशेब मला दाखवायचा नसेलही, पण मला सगळ्यात जास्त तोच बोलका वाटला. भाडं ५,०००. किराणा, भाजी, दूध, गॅस ८,०००. गटाचा हप्ता ३,१००. क्लास १,६००. आईंची औषधं १,४००. लाइट बिल ८००. येणं-जाणं आणि ‘इतर’ २,०००. एकूण २१,९००. समोर जमेला साडेअठरा हजार आणि कोपऱ्यात, कुणाला दिसू नये इतक्या बारीक अक्षरात, ‘बहीण १,५००’, म्हणजे लाडक्या बहिणीचे. दुधापुढचं ‘१ लिटर’ खोडून ‘अर्धा’ केलंय. तरीही दर महिन्याला १,९०० रुपयांची तूट राहते.

तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याची गाठ त्यातच आहे.

दारिद्र्यरेषा म्हणतात ती तुमच्या कामाच्या घरांपासून फार लांब आखली गेलेली नाही. प्रभात रोडवरून बीएमसीसी रस्त्याला लागलं की गोखले अर्थशास्त्र संस्था येते. तिथल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली देशातल्या गरिबीचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २,२५० कॅलरी मिळायच्या तर घरात किती खर्च व्हावा लागतो, असा त्यांचा हिशेब होता. १९६०-६१ च्या भावांनी तो खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये निघाला. शहरातली गरिबी म्हणजे खेड्यातून ओसंडून आलेली गरिबी, हेही त्यांनी तेव्हाच म्हणून ठेवलंय. तुमच्या मिस्टरांचं गाव दुष्काळी माण तालुक्यातलं, तेव्हा हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पुढे समित्या आल्या, आकडे बदलत गेले. २०११ मध्ये नियोजन आयोगाने सुप्रीम कोर्टात शहरासाठी दिवसाला माणशी ३२ रुपये असा आकडा दिला, तेव्हा देशभर गदारोळ झाला होता. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी शहरातली रेषा महिन्याला माणशी हजार रुपये धरली गेली.

तुमच्या घरात बहिणीचे पैसे धरून महिन्याला माणशी चार हजार येतात. मधल्या वर्षांतली महागाई वर चढवली तरी त्या रेषेच्या तुम्ही वरच राहता. तेव्हा प्रश्नाचं सरळ उत्तर: नाही, तुम्ही दारिद्र्यरेषेखाली येत नाही.

पण थांबा. ही रेषा देशात गरीब किती आहेत ते मोजायला काढलेली होती. जनता वसाहतीतल्या कुठल्या खोलीत गरीब राहतात हे ठरवायला ती काढलीच नव्हती. रेशनिंग ऑफिसच्या खिडकीतला माणूस तुमच्या कॅलरी विचारत नाही, तो दाखला विचारतो, आणि प्रत्येक खिडकीची रेषा निराळी असते. पिवळ्या कार्डाला वर्षाचं उत्पन्न १५ हजारांच्या आत. ही मर्यादा १९९९ साली तीन रंगांची कार्डं आली तेव्हाची आहे. अन्नसुरक्षा कायद्यात ‘प्राधान्य कुटुंब’ व्हायला शहरात ५९ हजार. आजींच्या श्रावणबाळ पेन्शनला २१ हजार. लाडक्या बहिणीला अडीच लाख. धर्मादाय रुग्णालयात ‘निर्धन’ म्हणून १ लाख ८० हजार आणि ‘दुर्बल’ म्हणून ३ लाख ६० हजार. मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाच्या फीमाफीला ८ लाख. तुम्हा दोघांची वर्षाची कमाई होते २ लाख २२ हजार. म्हणजे तुमच्या एका खोलीतून अर्धा डझन रेषा जातात. काहींच्या तुम्ही वर आहात, काहींच्या खाली. ‘आम्ही गरीब आहोत का’ असा एकच मोठा प्रश्न घेऊन फिरलात तर कुठल्याच खिडकीवर त्याचं उत्तर मिळणार नाही.

आता एजंटचा दाखला. वर्षाला २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. तुमच्या खोलीचं भाडंच त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. ५९ हजारांची मर्यादा घेतली तरी महिन्याला पाच हजारसुद्धा होत नाहीत. तेवढ्यात पाच माणसांचं घर पुण्यात कसं चालवायचं, हे या मर्यादा वर्षानुवर्षं तशाच ठेवणाऱ्यांनी एकदा करून दाखवावं. त्यामुळे शेजारच्यांनी काय केलं त्यावर मी बोट ठेवणार नाही. नियमच असा आहे की खरं सांगणारा बाहेर राहतो.

आणि मिळणारं काही कमी नाही, हेही कबूल करते. पाच माणसांचं माणशी पाच किलो धरून २५ किलो धान्य फुकट मिळालं तर बाजारभावाने हजाराच्या आसपास वाचतात. वर आजींचे दीड हजार. तुमची तूट भरून वर दूधही थोडं वाढवता येईल. याला मी मोह म्हणणार नाही.

तरीही माझं मत आहे, काढू नका. पापपुण्याची भाषा बाजूला ठेवते, व्यवहाराचं बोलते. एजंट विकतोय तो फक्त कागद. पुढचं त्याच्या हातात नाही. पिवळ्या कार्डाच्या १५ हजारांत तर २१ हजारांचा दाखला बसतच नाही. मोफत धान्याला महाराष्ट्राचा सुमारे ७ कोटी लोकांचा इष्टांक, म्हणजे वरची मर्यादा, ठरलेला आहे, जागा असेल तेव्हाच नाव चढतं. पेन्शनच्या अर्जाची तहसीलमध्ये वेगळी छाननी होते. त्यांनी नाही म्हटलं तर पाच हजार परत मिळणार नाहीत. दुसरं, अर्जासोबतच्या स्वयंघोषणापत्रावर सही किंवा अंगठा तुमचा असतो. खोटेपणा निघाला तर गुन्हा सही करणाऱ्यावर होतो, एजंटचं नाव त्या कागदावर कुठेच नसतं. आणि तिसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला खऱ्या दाखल्याची गरज आहे, आणि तो तुम्ही अजून काढलेलाच नाही. आज २१ हजार आणि पुढच्या वर्षी मुलीच्या अर्जाला २ लाख २२ हजार, असे एकाच घराचे दोन कागद तहसीलमध्ये गेले तर अडचण कुणाची होईल?

खरा दाखला काय करू शकला असता ते पाहायला दोन वर्षं मागे जाऊ. तुम्ही लिहिलंय, रात्री रिक्षात घालून जवळचा दवाखाना गाठला, बिल १ लाख १० हजार झालं, मंगळसूत्रातले मणी विकले आणि बाकी गटातून उचलले. मग पुढच्याच ओळीत सहज लिहून गेलात की केशरी कार्ड घरात पेटीत आहे, पण ‘त्याच्यावर काही मिळत नाही, म्हणून बाहेर काढत नाही’. ताई, धान्य मिळत नाही हे खरं. पण त्याच कार्डावर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या अंगीकृत रुग्णालयात, हे ऑपरेशन योजनेत बसतं का, हे विचारता आलं असतं. आता तर कार्डाचा रंग कुठलाही असला तरी ती योजना लागू आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. शिवाय धर्मादाय ट्रस्टची जी रुग्णालयं आहेत, त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखून ठेवायच्या असतात. पुण्यात अशी रुग्णालयं बरीच आहेत. तुमच्या खऱ्या उत्पन्नावर तुम्ही ‘दुर्बल’मध्ये बसता. एक रुपयाचंही खोटं न बोलता.

जुनं उगाळायला हे लिहीत नाही. त्या रात्री तुम्ही कुठलं कार्ड नि कुठली योजना शोधणार होता, हाड मोडलेलं माणूस कण्हत असताना! पण सासूबाई ६८ च्या आहेत, पुन्हा वेळ येऊ शकते. तेव्हा रेशनकार्ड, सगळ्यांची आधार कार्डं आणि उत्पन्नाचा खरा दाखला एका पिशवीत घालून ती पिशवी पेटीत न ठेवता दारामागच्या खिळ्याला अडकवा. रुग्णालयात पोचल्यावर पैसे भरायच्या काउंटरआधी ‘आरोग्यमित्र (म्हणजे योजनेचे मदतनीस) कुठे बसतात’ आणि ‘समाजसेवा विभाग कुठे आहे’ हे दोन प्रश्न विचारायचे. खाट नाही म्हणाले तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते, हे शांतपणे म्हणायचं. ज्यांचं उत्पन्न तुमच्याहून कमी आहे अशा शेजारणींना महापालिकेच्या शहरी गरीब योजनेचंही सांगा.

दाखला काढायला एजंट लागत नाही. आपले सरकार केंद्रात किंवा सेतूत अर्ज होतो, फी किरकोळ असते. रेशनकार्ड, आधार, लाइट बिल, मिस्टरांची पगाराची स्लिप लागते. तुमच्याकडे स्लिप नसणार, तर तिन्ही घरच्या बाईंकडून चार ओळींचं पत्र घ्या. एक वर्षाचा आणि तीन वर्षांचा असे दाखले असतात, तीनचा मागा. उगाच फेऱ्या मारायला लावल्या तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. दाखला किती दिवसांत द्यायचा हे त्यात ठरलेलं असतं आणि न दिल्यास अपील करता येतं.

आता मिस्टरांविषयी. तुम्ही त्यांच्या ‘आपण गरीब नाही’वर वैतागून लिहिलंय आणि तो वैताग मला पटतो, कारण दूध अर्धा लिटर करायचा निर्णय त्यांनी घेतला नाही, तुम्ही घेतलात. पण १७ वर्षं सुतासुताचं माप सांभाळलेल्या माणसाला आता येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवून घ्यावे लागतात. त्याच्याकडे स्वतःचं म्हणून एवढं एक वाक्य उरलं असेल तर ते लगेच हिसकावून घेऊ नका. कुठल्या घरात हा अभिमान नसतो? आमच्याकडे रेशनचा तांदूळ डब्यात तळाशी असायचा आणि वर दोन मुठी आंबेमोहोर. पाहुण्यांसमोर डबा उघडायची वेळ आली तर वरचा दिसावा म्हणून. आईचा तो वरचा थर मी स्वतः संसाराला लागेपर्यंत मला कळला नव्हता.

फक्त एक गोष्ट त्यांना हसत हसत विचारा. लाडक्या बहिणीचे दीड हजार हप्त्यात जातात, ते परत करून येऊ का? ई-केवायसीला त्यांचंही आधार लागलं असेल, मोबाइलवरचा ओटीपी त्यांनीच वाचून दाखवला असेल. तेव्हा कुठे गेलं होतं ‘आपण गरीब नाही’?

आणि मग हा विषय सासूबाईंवर सोडा. त्या ६८ च्या, माणच्या, म्हणजे ७२ च्या दुष्काळात पंधरा-सोळा वर्षांच्या असणार. खडी फोडली का, पाझर तलावाच्या कामावर होत्या का, कामावर खायला मिळायची ती सुकडी कशी लागायची, विचारा त्यांना, मुलगा घरी असताना. त्या दुष्काळी कामांतूनच महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, सरकारने द्यायलाच हवं. डोक्यावर पाटी घेतलेल्या त्या बायांना कुणी भिकारी म्हटलं नव्हतं. मिस्टरांच्या मनात खरा आणि खोटा दाखला यांची गल्लत झाली आहे, असा माझा अंदाज आहे. खोट्याला ते नाही म्हणतील तर बरोबरच आहे. खऱ्या दाखल्यासाठी त्यांचीच पगाराची स्लिप लागणार आहे, तेव्हा त्यांना लपवून हे होणारही नाही.

तूट तरीही राहतेच, १,९०० ची. त्यावर मला एक रोखठोक विचारायचंय. प्रभात रोडला एका घरचा दोन वेळचा स्वयंपाक आणि पगार अडीच हजार, तोही चार वर्षं तोच? एजंटकडे जायच्या आधी तुम्ही त्या तीन स्वयंपाकघरांत तोंड का उघडलं नाहीत? सरकारकडे हात पसरायची लाज वाटते म्हणता, पण घामाचे पैसे मागायला त्याहून जास्त संकोच वाटतो, हे तुमच्यासारख्या कितीतरी जणींच्या पत्रांत दिसतं. १९८० साली याच पुण्यात मोलकरणींनी संप केला होता आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. आठवड्याची सुट्टी, दिवाळीचा बोनस या गोष्टी मालकिणींना एका सकाळी आपसूक सुचलेल्या नाहीत. प्रत्येक घरी पाचशेची वाढ मागा. महिना संपताना मागू नका, सुरुवातीला मागा, आणि ‘गॅस महागला, भाडं वाढलं’ अशी कारणं न सांगता ‘चार वर्षं झाली, दर हा आहे’ एवढंच म्हणा. तिघींपैकी एखादी नाही म्हणेल. तेव्हा लगेच काम सोडू नका, वस्तीत विचारून दुसरं घर हातात आलं की सोडा. घरेलू कामगार कल्याण मंडळात नावनोंदणीही करून टाका, ६० वर्षांपर्यंत होते.

(हे सदर वाचणाऱ्यांत अशा स्वयंपाकघरांच्या मालकिणी आणि मालकही असणार. तुमच्या पोळ्यावाल्या ताईंचा पगार शेवटचा कधी वाढवलात, हे आठवायला वेळ लागत असेल तर पत्र तुमच्यासाठीही आहे.)

बाकीचं भराभर सांगते. औषधांचे १,४००: बीपी आणि शुगरच्या गोळ्या महापालिकेच्या दवाखान्यात मिळतात का ते आधी पाहा. नाहीतर पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव असतं, त्याचा कागद डॉक्टरांना दाखवून जनऔषधी केंद्रात भाव विचारा, फरक लगेच कळेल. मुलगा आठवीत आणि महापालिकेच्या शाळेत आहे, त्याला एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवाच. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत लागतं. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात. फॉर्म शाळेतून भरतात, मुख्याध्यापकांना उद्याच विचारा, कारण तारीख गेली की गेली, त्याला पुन्हा आठवी नाही. मुलीला दहावीत ८० टक्के पडले तर महापालिकेची मौलाना आझाद शिष्यवृत्ती १५ हजारांपर्यंत आहे, महापालिका शाळेतल्या मुलांना ७० टक्क्यांना. बारावीनंतर ती व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेली आणि तुम्ही ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत बसत असाल तर ८ लाखांच्या आतल्या उत्पन्नावर मुलींची फी माफ आहे. जातीचा दाखला आत्ताच काढायला टाका, तो वेळ घेतो. आणि गटाचा हप्ता फेडायला दुसऱ्या गटातून उचल घेऊ नका. गटाची मॅडम ‘टॉप-अप देते’ म्हणाली तरी नाही म्हणा. चौदाच हप्ते राहिलेत.

केशरी कार्ड टाकून देऊ नका, त्यावर सगळ्यांची नावं आणि आधार जोडलेलं आहे का ते दुकानात तपासा. उत्पन्नाच्या मर्यादा कधी ना कधी वाढतील तेव्हा अर्जाला तेच कार्ड लागेल.

एक राहिलं. तुम्ही लिहिलंय, एजंट शनिवारी येणार आहे आणि आधारची झेरॉक्स त्याने आधीच नेली आहे. शनिवारी मिस्टर घरी असतील अशी वेळ द्या त्याला. पैसे द्यायचे नाहीत, झेरॉक्स मागून घ्यायची. दिली नाही, इकडेतिकडे केलं, तर त्याच दिवशी मोबाइलवरून आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. तुमच्या मुलीला येतं ते.